दोघींच्या मधला बॉल

व्हॉलीबॉलच्या सरावाचं आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं चित्र म्हणजे रांग. सर नेटजवळ उभे, पायाशी बॉलची जाळी, समोर पोरींची रांग. सर बॉल टाकतात, पहिली मुलगी गुडघे वाकवून अंडरहँडनं तो परत देते आणि पळत रांगेच्या शेवटी जाते. मग दुसरी. बाहेरून बघणाऱ्याला हे फार बरं वाटतं. शिस्त आहे, शिट्टी आहे, घामही आहे. मुख्याध्यापक व्हरांड्यातून बघत असतील तर त्यांचंही समाधान होतं.

जरा हिशेब करू. मैदानावर १८ मुली, खेळता बॉल एक, आणि दर पाच सेकंदांना एक फेक. म्हणजे एका मुलीचा नंबर दीड मिनिटानं लागतो. वीस मिनिटांत तिचे हात बॉलला लागतात तेरा वेळा. उरलेला वेळ ती रांगेत असते. पुढचीची वेणी ओढते, बुटाची लेस सोडते आणि पुन्हा बांधते, चप्पल घालून आलेल्या मैत्रिणीशी कुंपणापलीकडे गप्पा मारते. सर ओरडतात, "लक्ष कुठंय?" लक्ष ठेवण्यासारखं तिथं काय असतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

तरी मोजणी हा माझा मुख्य आक्षेप नव्हे. आक्षेप त्या तेरा बॉलांवरच आहे. ते सगळे नेटच्या अलीकडून येतात, ओळखीच्या हातातून येतात, ती उभी आहे तिथंच येतात आणि ती तयार आहे हे बघूनच सोडले जातात. परत दिला की काम संपलं. सामन्यातला बॉल यातलं काहीही करत नाही. तो पलीकडच्या अंतिम रेषेमागून निघतो, नेटवरून येतो, कधी आपल्याकडे येतो, कधी शेजारणीकडे, आणि तो उचलल्यावर खरं काम सुरू होतं. शिवाय या खेळात बॉल धरून विचार करायची सोय नाही. बास्केटबॉलमध्ये पास घेतला की क्षणभर इकडेतिकडे बघता येतं. इथं जे ठरवायचं ते बॉल हाताला लागायच्या आधी ठरलेलं असावं लागतं. ताशी ५० किलोमीटर वेगानं निघालेली सर्व्हिस १५ मीटर पार करायला, हवेचा अडथळा सोडून दिला तर, सेकंदाहून थोडाच जास्त वेळ घेते. तेवढ्यात समोरचीचा टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर उडवलेला बॉल, कसा गेला, खांदा कुठं वळला, तळवा बॉलच्या मधोमध लागला की खाली, हे सगळं वाचून पाय हलवायचे असतात. सरांच्या फेकीत वाचायला अक्षरच नसतं.

मी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावात, शाळेच्या मैदानावर संध्याकाळी अकरा ते चौदा वयाच्या मुलींना शिकवते. पगारी प्रशिक्षक नाही. विद्यापीठाच्या संघापर्यंत खेळले, पुढं नोकरी लागली, खेळ सुटला नाही इतकंच. आमच्याकडे शूटिंग व्हॉलीबॉलचं वेड जुनं आहे. रात्री दिवे लावून सामने होतात, त्यामुळं थोरल्या भावांचं बघून पोरी येतात त्याच मुळी मुठी आवळून. बॉल दिसला की तो जोरात पलीकडं ढकलायचा, हा त्यांचा पहिला संस्कार. तो मोडण्यात वेळ जातो, पण एक बरं असतं: बॉलला भिणारी मुलगी फारशी सापडत नाही.

आता दोघींच्या मधल्या बॉलविषयी. १४ वर्षांखालील गटाचा कुठलाही तालुका पातळीवरचा सामना अर्धा तास बसून बघा. सर्व्हिस येते. मागच्या दोन मुली आपापल्या जागी गुडघे वाकवून, हात पुढं करून, चित्रातल्यासारख्या उभ्या असतात. बॉल दोघींच्या बरोबर मध्ये पडतो. मुरमाची धूळ उडते. दोघी एकमेकींकडं बघतात. "तू का नाही घेतलास?" "मला वाटलं तू घेतेस." बाकावरून सर ओरडत असतात, "कॉल करा, कॉल!" बिचाऱ्यांनी महिनाभर ज्या रांगेत सराव केला, तिथं प्रत्येक बॉल एकटीचाच होता. कॉल करणार कुणाला? हात त्यांचे उत्तम तयार झालेले असतात. त्यांना कधी भेटला नव्हता तो हा मधला बॉल. आणि कुणीही शहाणी सर्व्हिस करणारी तिथंच बॉल टाकते.

म्हणून माझ्याकडे सराव आखायचा म्हणजे पहिला प्रश्न एवढाच असतो: यात मधला बॉल येतो का? येत नसेल तर ड्रिल कितीही देखणं असो, त्याला मी पाच मिनिटांच्या वर वेळ देत नाही.

मग केलं काय, तर कोर्टाच्या उभ्या गल्ल्या केल्या. नेट नऊ मीटर रुंद कोर्टावर लागतं. त्याचे तीन भाग केले की तीन-तीन मीटरच्या तीन गल्ल्या होतात. जमिनीवर फक्की मारायची, नेटवर त्याच रेषेत लाल रिबिनी बांधायच्या. खोली सहा मीटर पुरते. प्रत्येक गल्लीत तिघीविरुद्ध तिघी. अठरा मुली एकाच वेळी खेळतात, रांग नाही, आणि बॉल लागतात तीन, शिवाय एखादा जादा. महिलांचं नेट २.२४ मीटरवर असतं. साडेचार फुटी मुलीसाठी ती भिंतच. आम्ही ते दोन मीटरच्याही खाली घेतो. खांबाला आकडे नाहीत, सुतळीनं बांधतो, त्यामुळं उंची रोज बोटभर इकडंतिकडं होते. कुणाचं काही बिघडत नाही.

गल्ल्यांचा एक धोका आहे, तो आधी सांगायला हवा. शेजारच्या गल्लीतला बॉल पायाखाली येतो आणि उडी मारून उतरणारीचा घोटा मुरगळतो. म्हणून नियम असा की बॉल भरकटला की दिसेल तिनं "बॉल!" असं ओरडायचं आणि तिन्ही गल्ल्यांनी थांबायचं. रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून बॉल पडेपर्यंतचा खेळ, कितीही रंगलेली असो. यावर मी वाद ऐकून घेत नाही.

गल्ल्या पाडल्या तरी मुली लगेच बोलू लागत नाहीत. तीन मीटरच्या अरुंद पट्टीतसुद्धा बॉल दोघींच्या मध्ये पडतो आणि दोघी बघत राहतात. मी "बोला गं, बोला" असं सांगून काही होत नाही. प्रशिक्षकाचं बोलणं पोरींना पंख्याच्या आवाजासारखं असतं, थोड्या वेळानं ऐकूच येत नाही. गुण मात्र ऐकू येतात. म्हणून नियम केला: कुणीही न बोलता बॉल मध्ये पडला तर समोरच्यांना एकाऐवजी दोन गुण. बोलून चुकला तर एकच. पहिल्याच संध्याकाळी मैदानाचा आवाज बदलला. "माझा!" "सोड!" "तुझा, तुझा!" "बाहेर जातोय!" एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी आहे, हजेरीलाही जेमतेम हात वर करणारी. तिच्या गल्लीत दोन-दोन गुण जायला लागले तेव्हा तिच्या जोडीदारणींनी तिला असं काही सुनावलं की पुढच्या बॉलला ती "माझा" म्हणून किंचाळली आणि स्वतःच दचकली. बॉल तिच्या मनगटाला लागून बाहेर गेला. एकच गुण गेला म्हणून तिघींनी टाळ्या दिल्या.

पोरी हुशार असतात. दोन दिवसांत त्यांनी पळवाट काढली. प्रत्येक बॉलला तिघींनी एकदमच "माझा!" म्हणायचं. बोललं की दोन गुण जात नाहीत ना! गल्लीत कावळ्यांची शाळा. मग नियमाला ठिगळ लावलं: जी "माझा" म्हणाली तिनंच पहिला स्पर्श करायचा, दुसरीनं केला तर गुण गेला. आता "माझा" म्हणायला किंमत आली, तेव्हा आधी बघायचं, मग बोलायचं हे आपोआप आलं. आणि बघायचं कुठं, तर सर्व्हिस करणारीकडं, कारण बॉल नेटवर येईपर्यंत थांबलं तर बोलायला वेळच उरत नाही. टॉस बघा, खांदा बघा हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही असं म्हटलं तर ते थोडं फुगवून सांगणं होईल. सांगावं लागलं, पण आता त्या विचारायला लागल्या तेव्हा सांगितलं. "ताई, ती लांबची कुठं टाकणार हे आधी कसं कळतं?" या प्रश्नानंतर दिलेलं उत्तर आणि प्रश्नाआधी दिलेलं उत्तर यांत फार फरक पडतो.

गुण कशाला द्यायचे यावर खेळ बदलतो हे काही आमच्या गल्लीपुरतं खरं नाही. खुद्द व्हॉलीबॉलचा इतिहास त्यावर उभा आहे. १८९५ साली अमेरिकेत होलिओक गावच्या वायएमसीएमध्ये विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ काढला तो व्यावसायिक, मध्यमवयीन मंडळींसाठी. त्यांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नव्हती. नेट होतं साडेसहा फुटांवर, एका बाजूला कितीही माणसं चालत आणि स्पर्शांवरही बंधन नव्हतं. म्हणजे समोर कोण खेळणार आहे हे बघून नियम बेतणं, हाच या खेळाचा जन्म. पुढं सहा खेळाडू आले, तीन स्पर्श आले. आणि आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत झालेला मोठा बदल म्हणजे गुणांचा. आधी सर्व्हिस ज्यांची, गुण त्यांनाच. सर्व्हिस चुकली तर फक्त सर्व्हिस जायची, डाव पंधराचा. १९९० च्या दशकाच्या शेवटी आंतरराष्ट्रीय महासंघानं प्रत्येक रॅलीला गुण केला, डाव पंचवीसचा झाला. त्याबरोबर सर्व्हिस नेटमध्ये घालणं ही थेट गुणाची चूक ठरली आणि जोरात मारू की सांभाळून, हा हिशेब जगभरच्या खेळाडूंना नव्यानं मांडावा लागला. गावातली साठीची मंडळी अजून जुन्या मोजणीनं खेळतात आणि नवी मोजणी म्हणजे पोरखेळ असं सांगतात.

तेव्हा कुणी मला म्हटलं की, "मॅडम, हे तुमचे नियम खऱ्या व्हॉलीबॉलमध्ये नाहीत," तर मला त्याचं काही वाटत नाही. बॉल नेटवरून येतो, जमिनीवर पडू द्यायचा नाही, पलीकडं पाडायचा. एवढं शाबूत असलं की बाकी सगळं बदलायला मोकळं आहे.

असं म्हणणारे आमच्या गावातले एक निवृत्त पी.टी.चे सर आहेत. त्यांच्या हाताखालून जिल्हा खेळलेल्या कितीतरी मुली गेल्या आहेत, त्यामुळं ते मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले की मी थोडी सावरूनच बसते. एका संध्याकाळी बराच वेळ बघून म्हणाले, "मॅडम, हे खेळणं झालं. सराव कधी घेणार?" शेजारी एका मुलीची आजी बसली होती. तिनं त्यात भर घातली, "पोरी नुसत्या हसत्यात की. घाम तरी गाळू दे जरा."

सरांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. त्यांचं म्हणणं, आधी हात तयार व्हावेत, मग खेळ. एक गोष्ट शंभर वेळा केली की ती अंगात मुरते. जगातही हा विचार करणारे थोर लोक होऊन गेले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा खेळला गेला आणि जपानच्या महिलांनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक नेलं. त्या संघातल्या बहुतेक जणी निचिबो या कापड कंपनीच्या काइझुका इथल्या गिरणीत नोकरीला होत्या. दिवसभर काम आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबूमी दाइमात्सू एकामागून एक बॉल मारत राहायचे आणि खेळाडू जमिनीवर लोळत ते उचलत राहायच्या. टेबलावर उभं राहून पोरीवर बॉल हाणणारे सर आपल्याकडे दिसतात, तेव्हा मला त्यात त्या काळाची सावली दिसते.

पण दाइमात्सूंच्या सरावाकडं नीट बघितलं तर त्यातही खेळ भरलेला होता. त्यांची प्रसिद्ध गोष्ट म्हणजे लोळून उठायची पद्धत: सूर मारून बॉल उचलायचा, खांद्यावरून कोलांटी घ्यायची आणि त्याच झोकात पायावर उभं राहायचं. कशासाठी? पुढच्या बॉलसाठी. बॉल उचलला म्हणजे काम संपलं नाही, हे त्या कोलांटीतच लिहिलेलं आहे. आपण त्यांच्याकडून घाम उचलला आणि पुढचा बॉल विसरलो. शिवाय त्या मोठ्या बायका होत्या, जगज्जेत्या होत्या. सातवीतल्या मुलीच्या अंगावर तो कित्ता गिरवायचं कारण नाही.

"एकच गोष्ट शंभर वेळा" याबद्दल प्रयोगही झालेत. १९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन (व्हॉलीबॉलवाल्या मॉर्गनशी संबंध नाही) यांनी लोकांना हातात टेनिसबॉल घेऊन लाकडी फळ्या ठरावीक क्रमानं पाडायला शिकवलं. क्रम तीन. एका गटानं एक क्रम घोटून मग दुसरा घेतला, दुसऱ्या गटाला तिन्ही सरमिसळ मिळाले. सराव चालू असताना घोटणारा गट पुढं होता. दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं तर सरमिसळवाले पुढं गेले. १९८६ मध्ये गूड आणि मॅगिल यांनी बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसवर तसंच करून पाहिलं, निकाल त्याच दिशेचा आला. नंतरच्या अभ्यासांत, विशेषतः अगदी नवख्यांच्या बाबतीत, गोष्ट इतकी सरळ राहिली नाही, म्हणून मी याचा झेंडा करत नाही. पण त्यातली एक गोष्ट मला रोज दिसते: सरावात जे छान दिसतं ते शनिवारच्या सामन्यात टिकेलच असं नाही, आणि सरावात जे गबाळं दिसतं त्यातून कधीकधी बरंच काही शिकून झालेलं असतं. आजीला घाम दिसत नव्हता, कारण पोरी हसत होत्या. सरांना मी तेव्हा फक्त एवढंच म्हटलं, "सर, तुम्ही एक गल्ली घ्या. मोजणी तुम्ही ठेवा." ते शिट्टी घेऊन उभे राहिले. दहा मिनिटांनी दोन गुणांवरून पोरींशी हुज्जत घालत होते.

घोटण्याला माझ्याकडे जागाच नाही असं नव्हे. पहिल्यांदा आलेल्या मुलीला अंगठे समांतर कसे ठेवायचे, बॉल मनगटाच्या वर कुठं घ्यायचा, उडीनंतर दोन्ही पायांवर कसं उतरायचं हे सुटं करूनच दाखवावं लागतं. फिंगर पासला, म्हणजे बॉल बोटांनी वर देताना, बोटं आखडलेली असतील तर ती गल्लीत सुटत नाहीत, उलट करंगळी दुखावते. अशा मुलीला बाजूला घेते, दहा-पंधरा बॉल देते आणि परत गल्लीत पाठवते. परत पाठवणं महत्त्वाचं. पुष्कळदा आपल्याकडे बाजूला घेतलेली मुलगी महिनोन् महिने बाजूलाच राहते.

गुणांच्या पळवाटांचा आणखी एक किस्सा सांगते, कारण ड्रिल आखणाऱ्या कुणालाही तो भेटणारच. लहान गटात मोठी अडचण म्हणजे बॉल आला की तो पहिल्याच फटक्यात पलीकडं ढकलणं. तिघींनी मिळून खेळणं होतच नाही. म्हणून जाहीर केलं, तीन स्पर्श करून बॉल पलीकडं दिला की एक जादा गुण. झालं! पुढच्या रॅलीपासून गल्लीत तीन हळूच टपल्या मारायच्या आणि बॉल आकाशात उडवून पलीकडं सोडायचा, हा उद्योग सुरू झाला. तिकडच्याही तेच. रॅली लांबच लांब, गुणांचा पाऊस, आणि कुणीही मारत नाही. पंचवीस गुण झाले तेव्हा एकही बॉल नीट जमिनीवर पाडलेला नव्हता. गणिताच्या दृष्टीनं पोरींचं काही चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाक्यात एकच दुरुस्ती केली: तीन स्पर्श करून ती रॅली जिंकली तर तीन गुण, नाहीतर एक. लगेच दुसऱ्या स्पर्शाला काम मिळालं. तो आता उंच आणि नेटजवळ हवा होता, कारण तिसरीला मारायचं होतं.

तिसरीला मारायला वेळ मिळेना तेव्हा धरायची सवलत दिली. दुसरा बॉल हातात पकडायचा, क्षणभर थांबायचं, मग वर टाकायचा. तेवढ्यात तिसरी दोन पावलं मागं जाऊन धावत येते. पुष्कळ जण लहान मुलांना पहिला बॉल पकडायची सूट देतात. मला ते पटत नाही. पहिला बॉल वाचणं हाच तर या खेळाचा गाभा. तोच पकडायला दिला तर उरलं काय? दुसरा पकडा, पहिला मात्र खेळा. पुढं ही सवलत मी काढून घेत नाही, महाग करते. न पकडता जिंकली तर एक गुण वर. ज्यांना जमतं त्या आपणहून सोडतात, ज्यांना नाही त्या पकडत राहतात आणि खेळात राहतात.

आता दुसऱ्या बॉलविषयी. माझ्या मते प्रशिक्षकाचं खरं कसब यातच लागतं. मोठ्या मुलींसाठी, पूर्ण कोर्टावर, मी खांबापाशी बॉलची पाटी घेऊन उभी राहते. एक रॅली संपली की त्याच श्वासात दुसरा बॉल आत टाकते. दोन्ही रॅली त्याच बाजूनं जिंकल्या तरच एक मोठा गुण. एक तुझी, एक माझी झाली तर कुणालाच काही नाही. पोरी याला "जोडी" म्हणतात. अशा सहा जोड्या झाल्या की फेरी बदलते.

हे वाचायला सोपं आहे. करताना प्रश्न असा की दुसरा बॉल कुणाकडं टाकायचा? नुकतीच चुकलेली मुलगी खाली बघत असते. सामन्यात समोरचा संघ नेमका तिच्याचकडं सर्व्हिस करणार, हे उघड आहे. मग सरावात तिच्याकडं टाकायचा की नाही? टाकला आणि पुन्हा चुकली तर ती संध्याकाळभर गप्प. नाही टाकला तर सामन्यात पहिल्यांदाच तिला ते सोसावं लागणार. मी बहुतेक वेळा तिच्या आणि शेजारणीच्या मध्ये टाकते. तिनं "माझा" म्हटलं तर ती सावरली आहे. शेजारणीनं घेतला तरी उत्तम, संघ म्हणजे तेच. आणि दोघी गप्प राहिल्या तर मला त्या दिवशी घरी जाऊन विचार करायला काहीतरी मिळतं. एक डावखुरी मुलगी आहे, तिचं निराळंच. ती चुकली की हात वर करून बॉल मागते. तिच्याकडं मी मुद्दाम दोन बॉल टाकत नाही, नाहीतर बाकीच्या पाचजणी प्रेक्षक होतात.

हे सगळं सर्व्हिसपाशी येऊन अडखळतं. १४ वर्षांखालच्या गटात सर्व्हिसच सामना जिंकते, हे कडू सत्य आहे. एक मुलगी सलग दहा सर्व्हिस नेटवरून काढू शकली की समोरच्यांचा डाव आटोपतो. रॅली होतच नाहीत. म्हणजे तालुका जिंकायचा असेल तर सगळा वेळ सर्व्हिस घोटण्यात घालवणं हा शहाणपणाचा सौदा आहे. आणि तालुका, जिल्हा, विभाग ही शिडी, शिवाय पुढं दहावीच्या ग्रेस गुणांचं गणित पालकांच्या डोक्यात सहावीपासूनच असतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण अशा जिंकलेल्या मुली सतराच्या गटात जातात, समोर सर्व्हिस उचलणारा संघ येतो, आणि त्यांच्याकडे पुढचं काहीच नसतं. आमच्या गल्लीत म्हणून नियम आहे की लागोपाठ दोन गुण सर्व्हिसवर थेट मिळाले की सर्व्हिस जोडीदारणीकडं जाते. गुण मात्र राहतात. जोराची सर्व्हिस करणारीला यात शिक्षा नाही, समोरच्यांना खेळायला बॉल मिळतो. आणि सर्व्हिस मारून लगेच आत पळत येऊन बचावाला उभं राहायचं असतं, कारण पूर्ण दमल्यावर, छाती धपापत असताना मारलेली सर्व्हिस आणि रांगेत आरामात मारलेली सर्व्हिस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यामुळं आम्ही सामने हरतो का? कधीकधी हरतो. सर त्या दिवशी मैदानावर येतातच.

सध्या गाडी अडली आहे ती ब्लॉकपाशी. नेट खाली घेतलं की साडेचार फुटी मुलीला मारता येतं, पण मग पाच फूट दोन इंचाची मुलगी नेटजवळ नुसती हात वर करून उभी राहते आणि सगळं अडवते. नेट वर घेतलं तर ब्लॉकही नाही आणि मारही नाही. व्हॉलीबॉलमध्ये ब्लॉकचा स्पर्श तीन स्पर्शांत धरत नाहीत, त्यामुळं अडवणारीला तर दुहेरी फायदा. मी सुचवलं, ब्लॉक करायचाच नाही. उंच मुलींनी लगेच हरकत घेतली, आणि ती बरोबर होती. पुढच्या वर्षी त्यांना तेच करायचं आहे. मग म्हटलं, ब्लॉक करायचा तर उडी मारूनच, पाय जमिनीवर असले तर गुण समोरच्यांचा. चार दिवस हे बरं चाललं, मग बुटक्या गटानं तक्रार आणली की उडी अर्ध्या इंचाची असते आणि ती मोजणार कोण. आता त्यांचाच प्रस्ताव आहे: ब्लॉकला लागून बाहेर गेलेल्या बॉलला मारणारीला दोन गुण. म्हणजे उंच हात दिसला की त्यावरच मारायचं, बाजूनं काढायचं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. उंच गटाचं म्हणणं, दोन फार होतात, दीड द्या. फळ्यावर दीड कसा लिहायचा, यावर काल अंधार पडेपर्यंत भांडण चालू होतं.